धुतलेली अंडी

"मॅडम, आमच्या कोंबड्या सडकी अंडी घालायला लागल्यात."

सकाळी सव्वासातचा फोन. मी पशुवैद्य आहे. गायी-म्हशी, शेळ्या आणि कुत्री हा माझा रोजचा राबता. परसातल्या कोंबड्यांसाठी फोन येतात ते "माना टाकल्यात" नाही तर "हिरवं हगतायत" असे. सडक्या अंड्यांची तक्रार मी पहिल्यांदाच ऐकत होते.

कोंबडी सडकं अंडं घालत नाही. घालतानाच आत एखादा जंतू असू शकतो, रक्ताचा ठिपका असू शकतो. पण वास मारायला अंडं काही दिवस कुठेतरी पडून राहावं लागतं, आणि कोंबडीच्या पोटात ते तयार व्हायला लागतात जेमतेम चोवीस ते सव्वीस तास. हे सगळं मला पाठ होतं. तरी मी फोनवर विचारलं काय, तर "किती कोंबड्या आजारी वाटतात?" डॉक्टरला आधी आजारच दिसतो.

हे घर माझ्या ओळखीचं होतं. दीड महिन्यापूर्वीच मी तिथे लस टोचायला गेले होते. घरात आजी, त्यांचा मुलगा आणि सून. अठरा तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या, एकाच वेळी आणलेल्या, त्यामुळे पंधरवड्याच्या आत सगळ्या एकदमच अंड्यावर आल्या. रोज तेरा-चौदा अंडी. घरात लागायची पाच-सहा. उरलेली त्यांनी साठवायला घेतली होती, कारण दिवस लहान झाले आणि कोंबड्यांनी पिसं गाळायला घेतली की महिना-दोन महिने अंडं दिसत नाही, हे आजींना पक्कं ठाऊक होतं. अंड्यावर राहायला कोंबडीला चौदा ते सोळा तासांचा उजेड लागतो. आज भरपूर आहे ते उद्यासाठी ठेवावं, हा हिशेब अगदी रास्त होता.

फाटकातच वास आला. सूनबाई नाकाला पदर लावून उभ्या होत्या. आदल्या रात्री एक अंडं ट्रेमधल्या ट्रेमध्ये फुटलं होतं. कोणी हात न लावता, फटाक्यासारखं. आत साचलेल्या वायूचा दाब कवचाला झेपला नाही की असं होतं, आणि त्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असल्यामुळे पुढचं सांगायची गरज नाही.

मी सरळ खुराड्यात शिरले. सहा कोंबड्या धरून तपासल्या. तुरे लाल, वजन ठीक, गळ्याखालची पोटळी दाण्यानं भरलेली, मागचं द्वार ओलसर आणि मोठं, ओटीच्या हाडांमध्ये तीन बोटं सहज मावतील एवढं अंतर. चांगल्या अंड्यावरच्या कोंबडीची हीच लक्षणं. एक कोपऱ्यात फुगून बसली होती. हात लावला तर चोचीनं डसली. आजारी नव्हे, खुडूक. क्षणभर वाटलं, सापडलं. खुडूक कोंबडीखाली चार-सहा दिवस उबलेली अंडी कोणीतरी बाकीच्यांत मिसळत असणार. पण अंडी दिवसातून दोनदा गोळा होत होती आणि ही बया परवापासूनच बसली होती. तोही धागा तुटला.

मी विष्ठेचे नमुने घ्यायला बाटल्या काढत होते, तेवढ्यात समोरच्या खोक्यातली एक कोंबडी उठली आणि ओरडत बाहेर पडली. मी अंडं उचललं. नुकतं घातलेलं अंडं ओलं असतं, हे फार जणांनी पाहिलेलं नसतं. त्यावर पातळ चकाकी असते आणि ती आपल्या डोळ्यांदेखत दोन-चार मिनिटांत सुकते. ते सुकलेलं अस्तर म्हणजे कोंबडीनं लावलेलं सील. कवचाला सात हजारांपासून सतरा हजारांपर्यंत बारीक छिद्रं असतात. ती या अस्तरानं बुजतात. कोंबडीचं अंग एक्केचाळीस-बेचाळीस अंशांचं, त्यामुळे अंडंही तेवढंच ऊन. मला ते हातात धरून ठेवायला आवडतं, एवढ्या वर्षांनंतरही.

आजींचा मुलगा आला, "द्या इकडे" म्हणत त्यानं अंडं माझ्या हातातून घेतलं आणि शेजारच्या बादलीत सोडलं.

जुनी लोखंडी बादली, तळाशी गंजाचे पापुद्रे. पाणी थंडगार आणि चहाच्या रंगाचं. त्यात आधीच पाच अंडी बुडालेली होती.

"हे काय?"

"धुवायला टाकलीत. सकाळपासून टाकत जायची, दुपारी घासून पुसून ट्रेमध्ये." मग जरा अभिमानानं, "तुम्हीच सांगितलं होतं ना मॅडम, अंडी एकदम स्वच्छ ठेवत जा म्हणून."

सांगितलं होतं. लस टोचून हात धुताना, निघायच्या घाईत. मला म्हणायचं होतं की घरट्यातला भुसा बदला, अंडी वेळेवर उचला, म्हणजे ती मळणारच नाहीत. मी म्हटलं मात्र तेवढंच एक वाक्य, आणि त्यांनी ते शब्दशः पाळलं. आजारी कोण आहे याचा शोध तिथेच संपला. पुढचे तीन तास मी माझ्याच वाक्याचं नुकसान मोजत होते.

थंड पाण्यानं नेमकं काय होतं, ते सांगते. ऊन अंडं थंड होताना आतला ऐवज आकसतो आणि बाहेरचं काहीतरी आत ओढून घेतो. एरवी ती हवा असते. बोथट टोकाला जी हवेची पोकळी दिसते ती अशीच तयार होते. पण त्याच वेळी अंडं थंड पाण्यात असेल तर हवेऐवजी ते पाणी ओढतं, आणि पाण्यात जे काही आहे तेही. चार तास भिजून अस्तर मऊ पडलेलं, वर घासून काढलेलं. दार उघडून दिलं आणि पाहुण्यांना आतही ओढून घेतलं, असा प्रकार. म्हणूनच जिथे अंडी धुतात तिथे पाणी अंड्यापेक्षा निदान अकरा अंशांनी ऊन ठेवायचा नियम असतो, अंडी भिजत घालत नाहीत आणि धुतल्याबरोबर सुकवून थंड जागी हलवतात.

"पण मी तपासलं होतं," मुलगा म्हणाला. "पाण्यात टाकून बघितली, सगळी तळाला बसत होती. तरंगलेलं एकही नव्हतं."

तरंगण्याची ही परीक्षा सगळ्यांना ठाऊक असते आणि सगळे तिच्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकतात. छिद्रांतून पाणी उडून जातं, हवेची पोकळी वाढते, म्हणून जुनं अंडं तरंगतं. म्हणजे ही वयाची परीक्षा. आठ दिवसांचं, आत जंतू वाढत असलेलं अंडं मुकाट तळाला बसतं.

आतल्या खोलीची खिडकी गोधडीनं झाकली आणि आम्ही अंडी उजेडावर धरून बघायला बसलो. मोबाईलचा टॉर्च, त्यावर मुठीचा पोकळ गोल, त्या गोलावर अंडं. धुतलेली ११८ होती. चांगल्या अंड्यातून उजेड नारिंगी झिरपतो, बलकाची सावली मऊ दिसते आणि अंडं फिरवलं की ती मागून सावकाश येते. एकतीस अंड्यांतून उजेड आलाच नाही. काळी ठिक्कर. ती बाजूला काढली, अगदी हळू, कारण त्यातलं प्रत्येक फुटायच्या बेतात असू शकत होतं.

खरी पंचाईत बाकीच्या ८७ ची होती. दिसायला ठीक. सूनबाई म्हणाल्या, "मग ही तरी ठेवू या ना." मला तो गंज आठवत होता.

माझ्या बॅगेत वूड्स लॅम्प असतो. कुत्र्या-मांजरांच्या अंगावरचं गजकर्ण बघायचा अतिनील दिवा. तो काढला. काळोखात तपकिरी अंड्यांवर फिरवल्यावर ट्रे लालसर गुलाबी चमकायला लागला आणि आजी "अगं बाई" करून मागे सरल्या. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. कवचाला तपकिरी रंग देणारं प्रोटोपॉर्फिरीन अतिनील उजेडात तसंच चमकतं. मग मी वीस अंडी एकेक करून पांढऱ्या वाटीत फोडली आणि वाटीवर दिवा धरला. चौथ्या वाटीतला पांढरा भाग हिरवा उजळला. रेडियमच्या घड्याळासारखा. दिवा बंद करून साध्या उजेडात पाहिलं तर काही नाही, वासही जेमतेम. विसांपैकी सात अशी निघाली.

हे काम स्यूडोमोनास जातीच्या जंतूंचं. पाणी आणि माती हे त्यांचं घर. अंड्याचा पांढरा भाग एरवी मोठा बिलंदर पहारेकरी असतो. त्यात लायसोझाइम असतं, ज्याचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये लावला, आणि ते कित्येक जंतूंच्या भिंती फोडतं. शिवाय ओव्होट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन लोह घट्ट धरून ठेवतं, म्हणजे आत शिरलेले जंतू लोहावाचून उपाशी. स्यूडोमोनास मात्र लायसोझाइमला फारसा बधत नाही आणि लोह हिसकावून घेण्यासाठी स्वतःचा एक पदार्थ सोडतो. अतिनील दिव्याखाली हिरवं दिसतं ते हेच चोरीचं हत्यार. अशा जंतूला गंजक्या बादलीतून आयतं लोह मिळालं तर आणखी काय हवं? अमेरिकेच्या अंडी धुण्याच्या नियमांत पाण्यातलं लोह दहा लाख भागांत दोन भागांपेक्षा जास्त असू नये अशी अट आहे. ती मी कधीतरी वाचली होती आणि नियम करणाऱ्यांची हौस म्हणून सोडून दिली होती.

सगळीच टाकायची, मी म्हणाले. मुलानं काही म्हटलं नाही. ११८ अंडी रोज घासून पुसली होती त्यानं.

तेव्हा आजी उठल्या आणि पलंगाखालून एक टोपली ओढून आणली. त्यात भुश्यात उभी ठेवलेली सतरा अंडी. काहींवर विष्ठेचा वाळका ठिपका, एकाला पीस चिकटलेलं.

"हा धुवायला नेण्याआधी मी काढून ठेवायची," त्या म्हणाल्या. "धुतलेलं अंडं टिकत नाही, हे माझ्या सासूबाई सांगायच्या. याला सांगितलं तर म्हणतो, आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

पोरगा जमिनीकडे बघत होता. मी दिव्याकडे.

सतराही अंडी उजेडावर स्वच्छ दिसली. हवेची पोकळी वाढलेली होती, कारण सर्वांत जुनं तीन आठवड्यांचं होतं. एक फोडून बशीत ओतलं. बलक अखंड, पण पांढरा भाग पाण्यासारखा पसरला. छिद्रांतून कर्बवायू निघून जातो, पांढऱ्याचा सामू (पीएच) साधारण ७.६ वरून नवाच्या वर चढतो आणि त्याचा घट्टपणा सुटतो. जुनं म्हणता येईल, वाईट नव्हे. दिव्याखाली हिरवं काही नाही. एकाच घरची, त्याच कोंबड्यांची, त्याच दिवसांतली अंडी. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडला असता तरी इतका चोख पुरावा मिळाला नसता.

एवढ्यावर आजी थांबल्या नाहीत. स्वयंपाकघरात चिनीमातीच्या दोन बरण्या होत्या, चुन्याच्या निवळीत अंडी बुडवलेल्या, दोन्ही मिळून ६४. ही पद्धत जुनी आहे आणि तिच्यामागे रसायन आहे. एक लिटर पाण्याला साधारण २८ ग्रॅम खाण्याचा चुना. भिंतीला लावायचा नव्हे. त्यातला थोडाच विरघळतो, बाकी तळाशी बसतो. त्या पाण्याचा सामू बाराच्या वर जातो, जिथे जंतूंना वाढता येत नाही, आणि छिद्रंही बुजतात. हवेतल्या कर्बवायूमुळे वर पांढरी साय धरते, म्हणून झाकण घट्ट हवं. न धुतलेली, ताजी, बिनतडा अंडी असतील तर महिनोन्महिने टिकतात, हे खरं. अन्नसुरक्षेचं आजचं शास्त्र मात्र घरगुती साठवणीसाठी ही पद्धत सुचवत नाही, हेही मी सांगितलं. कारण साल्मोनेला एंटेरिटिडिस नावाचा जंतू कधी कधी कोंबडीच्या बीजांडकोशातूनच अंड्यात येतो. तो कवच चढायच्या आधीच आत असतो, त्याला बाहेरचा चुना काय करणार? थंडी त्याला वाढू देत नाही, बरणी बाहेरच असते. निदान अंडं आतपर्यंत ७१ अंशांना तापलं पाहिजे, अर्धकच्चं मुळीच नको.

"आमच्याकडे कच्चं कोणी खात नाही," आजी म्हणाल्या. विषय संपला.

पहिल्या बरणीतली पाच फोडली, पाचही ठीक. दुसरीचं पाणी मात्र गढूळ होतं. हात घातला तर तळाला एक तडकलेलं. आजी म्हणाल्या तेवढंच काढा. मी म्हटलं पूर्ण बरणी काढा, कारण फुटलेल्या अंड्यानं त्या पाण्यात काय कालवलंय याचा आता भरवसा नाही. बरीच घासाघीस झाली. शेवटी बरणी गेली, पण आजींनी माझ्याशी अर्धा तास अबोला धरला. आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो, तसा थोडा जीवही हळहळतो. त्यातली बहुतेक अंडी चांगली असणार.

राहिला फ्रीज. तिथे सूनबाईंची आघाडी होती. दाराच्या खाचांत तीस अंडी, सारखी बाहेर काढून परत ठेवलेली. वरच्या बर्फाच्या कप्प्यात कवचासकट ठेवलेली सहा, सगळी उभी चिरलेली, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. आणि एका डब्यात नुसते बलक. वितळल्यावर ते रबरासारखे झाले होते, म्हणून त्यांनाही वाटलं होतं की कोंबड्यांतच काहीतरी खोट आहे. बलक उणे सहा अंशांखाली गोठला की त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश एकमेकांना धरून बसतात आणि वितळल्यावर सुटत नाहीत. गोठवण्याआधी कपभर बलकात अर्धा चमचा मीठ नाही तर दीड मोठा चमचा साखर फेटली तर तो ओतता येण्याजोगा राहतो, मात्र डब्यावर काय घातलंय ते लिहायचं, नाही तर पुढचा पदार्थ बिघडलाच. पांढऱ्याचे असे काही नखरे नाहीत, तो तसाच गोठवावा. अख्खं अंडं ठेवायचं तर फोडून, फेस न आणता हलकं फेटून. उणे अठराला वर्षभर राहतं. त्या घरासाठी मला हाच मार्ग सर्वांत शहाणा वाटला, आणि सूनबाईंना ही गोष्ट मीठ-साखरेच्या एका वाक्यात पटली.

त्यांनी आणखी विचारलं, उकडून व्हिनेगरमध्ये घालून बाहेर कपाटात ठेवली तर? मी जरा जोरातच नाही म्हटलं. १९९७ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका माणसाला अशाच घरगुती अंड्यांतून बोट्युलिझम, म्हणजे जंतूच्या विषानं स्नायू लुळे पडण्याचा आजार, झाला. मसाला आत मुरावा म्हणून उकडलेल्या अंड्यांना काडीनं टोचलं होतं आणि बरणी बाहेर ठेवली होती. आंबट पाणी बलकापर्यंत पोचायच्या आधी टोचलेल्या वाटेनं जंतू पोचले, आणि विष सर्वांत जास्त बलकातच सापडलं. व्हिनेगरमधली अंडी करा, पण फ्रिजमध्ये. साधी उकडलेली तर फ्रिजमध्येही आठवडाभरच, कारण उकडताना अस्तर जातं. कच्चं अंडं उकडलेल्यापेक्षा जास्त टिकतं, हे त्यांना शेवटपर्यंत उलटं वाटत राहिलं.

मुलाला एकच प्रश्न होता: मग नक्की धुवायचं की नाही? मी म्हटलं, दोन्ही चालतं, पण पुरतं करायला लागतं. अमेरिकेत विक्रीची अंडी धुतात आणि मग सलग थंड ठेवतात. युरोपीय संघात वरच्या वर्गाची अंडी साधारणपणे धुवायलाच मनाई आहे. धुवायचं आणि बाहेर ठेवायचं, हे कुठेच बसत नाही. तुम्ही धुऊ नका. मळलेलं, तडकलेलं अंडं त्याच दिवशी वापरा. साठवायचं ते जन्मतःच स्वच्छ निघालेलं, निमुळतं टोक खाली, दारात नव्हे, आतल्या फळीवर, चार अंशांना. महिना-सव्वा महिना निर्धास्त राहा. आणि एकदा आत गेलेलं अंडं उगीच बाहेर काढू नका, त्याला घाम फुटतो आणि अस्तर असूनही नसल्यासारखं होतं.

खड्डा त्यानंच खणला, कंबरेएवढा. टाकायची सगळी अंडी, पुठ्ठ्याचे ट्रे आणि ते पाणी त्यात गेलं. कुत्रं उकरेल म्हणून वर दगड. बादली त्यानं भंगारात काढली. मी व्हिजिटची फी घेतली नाही. आजींनी टोपलीतली चार अंडी रुमालात बांधून दिली, म्हणजे अबोला सुटला असावा.

घरी येऊन दोनदा आंघोळ केली, तरी केसांना वास होताच. मग डायरी उघडली. त्याच आठवड्यात मी आणखी तीन घरी परसातल्या कोंबड्यांना लस दिली होती, आणि निघताना हात धुताना प्रत्येक घरी तेच बोलले असणार. पहिल्या घरी फोन लावला. "स्वच्छ? छे हो, कोण करतंय." अंडी ठणठणीत. दुसऱ्या घरीही तेच, कोणी मनावर घेतलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं न ऐकल्याबद्दल मला माणसांचा आनंद झाला.

तिसऱ्या घरच्या बाई म्हणाल्या, "रोज धुते की, मॅडम. थांबा हां, आत्ताच पाण्यात टाकलीत, तेवढी काढून येते."